ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच. हे कोण?

माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी संदर्भसूचीचं पान उघडलं, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "हे ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच. कोण? यांचं आणखी काही वाचलंय का तुम्ही?" दोन क्षण मला काही कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. जागतिक आरोग्य संघटनेचा, म्हणजे वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचा, मी चक्क माणूस केला होता. आडनाव ऑर्गनायझेशन, आद्याक्षरं डब्ल्यू. एच.

चूक संदर्भ साठवून सूची तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची नव्हती. संस्थेचं नाव मी माणसांसाठीच्या चौकटीत टाकलं होतं आणि त्यानं इमानेइतबारे आडनाव पुढे आणलं. त्यानंतर गेली काही वर्षं प्रबंध लिहिणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या शेजारी बसून त्यांच्या सूच्या मी तपासल्या आहेत. सगळ्यांची तक्रार एकच: "मॅडम, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय." आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मूळ नोंद उघडली की गडबड तिथेच सापडते. म्हणून इथे बटणांपेक्षा नोंदींबद्दल जास्त बोलणार आहे. बटणं दोन दिवसांत अंगवळणी पडतात.

अशा सॉफ्टवेअरपैकी मी झोटेरो वापरते. ते 2006 साली जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यमांच्या केंद्रातून आलं. इतिहासाच्या लोकांनी बनवलेलं असल्यामुळे पत्रं, हस्तलिखितं, मुलाखती, वृत्तपत्रातला मजकूर अशा नोंदींसाठीही त्यात वेगळे प्रकार आहेत. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. मेंडलीही चांगलं चालतं. ते 2013 पासून एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचं आहे. एंडनोट विकत घ्यावं लागतं. सगळं लिखाण लाटेकमध्येच, म्हणजे वर्डऐवजी आज्ञा टाइप करून मजकूर मांडण्याच्या पद्धतीत असेल, तर जॅबरेफ पाहा. पण तुमचे मार्गदर्शक आणि त्यांचा सगळा गट एंडनोटवर असेल तर मुकाट्यानं एंडनोट घ्या. अडल्यावर शेजारच्या टेबलावर विचारता येणं ही सर्वांत मोठी सोय आहे. पुढे बदलायचं ठरवलंत तरी आरआयएस किंवा बिबटेक फाइल काढून नोंदी दुसरीकडे नेता येतात. पीडीएफवर केलेल्या खुणा आणि कप्प्यांची रचना मात्र प्रत्येक वेळी धड पोचतेच असं नाही.

बसवायच्या गोष्टी दोन: संगणकावरचा कार्यक्रम आणि ब्राउझरमधलं कनेक्टर, म्हणजे समोरच्या पानावरून नोंद उचलून आणणारं बटण. वर्डसाठीचं प्लगइन सोबतच येतं. वर्ड उघडल्यावर वर ‘झोटेरो’ असा टॅब दिसला की झालं. नाही दिसला तर झोटेरोच्या सेटिंगमध्ये ‘साइट’ (Cite) या भागात जाऊन प्लगइन पुन्हा बसवायचं.

नोंद आत कशी येते

कनेक्टरचं चिन्ह पानानुसार बदलतं. लेखाचं पान असेल तर कागद दिसतो, पुस्तकाचं असेल तर पुस्तक, आणि शोधाच्या निकालांची यादी असेल तर फोल्डर. दाबण्याआधी या चिन्हाकडे पाहण्याची सवय लावून घ्या. शोधनिबंधाच्या पानावर उभे असूनही चिन्ह साध्या वेबपानाचं दिसत असेल, तर नोंदही वेबपान म्हणूनच उतरणार. मग जर्नलचं नाव नाही, खंड नाही, अंक नाही.

गूगल स्कॉलर शोधायला उत्तम आहे, पण नोंद तिथून उचलू नका. तिथल्या माहितीत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, नसतो, नावं अर्धवट येतात, कधी जर्नलच्या नावाला कात्री लागलेली असते. स्कॉलरवर सापडलेल्या दुव्यावरून प्रकाशकाच्या पानावर जा, सारांश दिसतो त्या पानावर थांबा आणि तिथून उचला. एक टिचकी जास्त पडते, एवढंच.

मला सगळ्यात आवडतं ते जादूच्या छडीचं बटण. त्यात डीओआय, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतला क्रमांक किंवा अर्काइव्ह (arXiv) या लेखसंग्रहातला क्रमांक टाकला की पूर्ण नोंद उतरते. डीओआय ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे तो नेहमी 10 आणि टिंबानं सुरू होतो. आयएसबीएन 2007 पासून 13 आकडी आहे. जुन्या पुस्तकांवरचा 10 आकडीही चालतो. 1970 च्या आधीच्या पुस्तकांवर बहुधा काहीच नसतं. तेव्हा ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीतल्या पानावरून उचला, नाहीतर पुस्तक हातात घेऊन हातानं भरा. हातानं भरायला लाज वाटू देऊ नका. माझ्या सर्वांत बिनचूक नोंदी हातानं भरलेल्याच आहेत.

या छडीचा हल्ली एक अनपेक्षित उपयोग होतो. चॅटबॉटनं सुचवलेले संदर्भ मुलं घेऊन येतात. नाव भारदस्त, जर्नल ओळखीचं, वर्ष पटणारं. डीओआय छडीत टाकायचा. काहीच आलं नाही, किंवा भलत्याच विषयाचा लेख आला, तर आधी तो लेख अस्तित्वात आहे का ते तपासा. माझ्यासमोर एका मुलीच्या अकरा संदर्भांपैकी चार असे हवेत विरले. बिचारीनं त्यातल्या एकावर परिच्छेदभर टीकाही लिहिली होती.

पीडीएफ थेट खिडकीत ओढून टाकली तरी झोटेरो आतला मजकूर वाचून नोंद शोधतं. स्कॅन केलेल्या, नुसत्या चित्रासारख्या पीडीएफचं मात्र त्याला काही कळत नाही.

दोन मिनिटं इथे घालवा

नोंद उतरली की लगेच उजवीकडचा तपशील वाचायचा. नंतर नाही, तेव्हाच. पान समोर उघडं असतं, डोक्यात ताजं असतं. मी माझ्या प्रबंधाच्या वेळी ‘शेवटी एकदाच बघू’ म्हणत राहिले आणि शेवटी 240 नोंदी चार रात्री बसून तपासल्या. तरीही डब्ल्यू. एच. साहेब निसटलेच.

आधी नोंदीचा प्रकार बघा. संस्थेचा अहवाल ‘रिपोर्ट’ हवा, संपादित ग्रंथातलं प्रकरण ‘बुक सेक्शन’ हवं. प्रकरण असेल तर प्रकरणाचा लेखक वेगळा आणि ग्रंथाचा संपादक वेगळा, दोघेही भरायचे. संपादकाला लेखकाच्या ओळीत टाकलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तिथेच नजर जाते.

मग नावं. लेखकाच्या ओळीच्या शेवटी एक बारीकसं बटण असतं. ते दाबलं की आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींची एक चौकट होते. संस्था, मंत्रालय, समिती, आयोग, यांच्यासाठी ही एक चौकट. त्या एका बटणानं माझी ती अर्ध्या मिनिटाची शोभा टळली असती. ज्या लेखकाला आडनावच नाही, एकच नाव आहे, त्यालाही एकच चौकट. स्पॅनिश लेखकांची दोन आडनावं असतात, ती दोन्ही आडनावाच्या चौकटीत. आणि आपल्याकडची नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीनपदरी नावं असतील तर पहिली दोन नावाच्या चौकटीत. पुष्कळदा वडिलांचं नाव आडनावाला चिकटून येतं आणि मग सूचीत तो लेखक भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतो.

एकाच लेखकाचं नाव सगळ्या नोंदींत एकसारखं ठेवा. एका नोंदीत ‘स्मिथ, जे.’, दुसरीत ‘स्मिथ, जॉन ए.’ असं असेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं. एपीए शैलीत (संदर्भ देण्याची एक ठरलेली पद्धत; शिकागो आणि एमएलए याही तशाच) सारख्या आडनावाची दोन माणसं आली की गोंधळ टाळायला मजकुरात आद्याक्षरंही छापायची असतात. त्यामुळे सगळीकडे नुसतं ‘(स्मिथ, 2015)’ येत असताना मधेच ‘(जे. स्मिथ, 2015)’ दिसलं तर ती नोंदीतल्या नावाची तक्रार समजा. तसंच, सूचीत 2015 चा एकच लेख असायला हवा असताना ‘2015ए’ आणि ‘2015बी’ आले, तर तोच लेख दोनदा आत आलाय.

अशा जुळ्या नोंदी झोटेरो ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये वेगळ्या दाखवतं. तिथे त्या एकत्र करा, म्हणजे ‘मर्ज’ करा. एक सरळ पुसून टाकू नका. पुसलेली नोंद प्रबंधात कुठे वापरली असेल तर तिथलं उद्धरण, म्हणजे मजकुरात दिलेला संदर्भ, अनाथ होतं. मर्ज केलं तर जुनी उद्धरणं उरलेल्या नोंदीकडे वळतात.

इंग्रजी शीर्षकांचा विषय कंटाळवाणा आहे, पण सूची बघताक्षणी परीक्षकांच्या डोळ्यांत तोच खुपतो. शिकागो आणि एमएलएला शीर्षकातल्या बहुतेक शब्दांचं पहिलं अक्षर मोठं हवं; एपीएला सूचीत लेखांच्या आणि पुस्तकांच्या नावात फक्त पहिला शब्द, विशेषनामं आणि विरामचिन्हानंतर सुरू होणारं उपशीर्षक. सॉफ्टवेअर लहान अक्षरांची मोठी करू शकतं, पण मोठ्यांची लहान करताना विशेषनाम कोणतं हे त्याला कळत नाही. म्हणून साठवताना नेहमी वाक्यासारखं साठवा. शीर्षकावर उजवी टिचकी, ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’, ‘सेंटेन्स केस’, आणि मग देशांची, माणसांची नावं हातानं पुन्हा मोठी. जुन्या लेखांची शीर्षकं अख्खी मोठ्या लिपीत ओरडत येतात, त्यांनाही हाच उपाय.

खंड, अंक, पृष्ठं, तारीख यांवर नुसती नजर फिरवली तरी पुरते.

कप्पे

कलेक्शन म्हणजे फोल्डर नव्हे. गाण्यांच्या यादीसारखं आहे ते: एकच नोंद तीन कलेक्शनमध्ये असू शकते आणि तरी ती एकच असते. म्हणून कलेक्शनमधून काढणं वेगळं आणि कचऱ्यात टाकणं वेगळं. मेनूतल्या या दोन ओळी नीट वाचून दाबा. मी सुरुवातीला हौसेनं 43 उपकलेक्शनं केली होती आणि प्रत्येक नवा लेख कुठे ठेवायचा यावर पाच मिनिटं घालवायचे. आता प्रकरणवार कलेक्शनं आणि तीन रंगीत टॅग, बस्स. रंग दिलेल्या टॅगना 1 ते 9 आकड्यांच्या कळा मिळतात. माझ्याकडे 1 म्हणजे ‘वाचायचंय’. ती यादी कधीच संपत नाही.

वाचन झोटेरोमध्येच करा. 2022 च्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ आतच उघडते, आणि रंगवलेल्या ओळींची एका टिचकीत टिपण होते, ओळीमागे संदर्भ आणि पान क्रमांक लागूनच. एकच खबरदारी: फाइलमधलं पहिलं पान छापील अंकात 213 वं असू शकतं. टिपणात कोणता आकडा आला ते पहिल्याच खुणेला पडताळून घ्या. उद्धरणात छापील आकडाच जायला हवा.

लिहिताना

वर्डमध्ये कर्सर वाक्याच्या शेवटी ठेवायचा, ‘ॲड/एडिट सायटेशन’ दाबायचं, आडनाव आणि वर्ष टाइप करायचं, यादीतून निवडायचं, एंटर. पान क्रमांक द्यायचा असेल तर एंटरच्या आधी त्या नोंदीच्या बुडबुड्यावर टिचकी मारा. तिथे पानासाठी जागा आहे, आधी-नंतर दोन शब्द जोडायची सोय आहे, आणि ‘ऑमिट ऑथर’ आहे. वाक्यात लेखकाचं नाव तुम्ही आधीच घेतलं असेल तर हे शेवटचं वापरा, म्हणजे कंसात नुसतं वर्ष येईल. एकाच ठिकाणी तीन संदर्भ द्यायचे तर तिन्ही एकाच बुडबुड्यांच्या ओळीत घाला. तीन कंस शेजारीशेजारी उभे करू नका.

उमटलेल्या उद्धरणात हातानं काही दुरुस्त करायचं नाही. हा नियम सगळे ऐकतात आणि सगळे मोडतात. वर्ष चुकलंय? झोटेरोत जा, नोंदीत वर्ष सुधारा, वर्डमध्ये ‘रिफ्रेश’ दाबा. हातानं बदललंत तर झोटेरो विचारतं की हा बदल कायम ठेवू का. घाईत ‘हो’ म्हटलं की ते उद्धरण तिथेच गोठतं. पुढे शैली बदला, नोंद बदला, ते हलणार नाही. एका प्रबंधात असं एक जुन्या शैलीतलं उद्धरण शोधायला आम्हाला दुपार लागली होती.

फाइल लांबली की प्रत्येक उद्धरणामागे वर्ड घुटमळायला लागतं. ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये आपोआप अद्ययावत करणं बंद करा आणि दिवसाच्या शेवटी एकदा रिफ्रेश करा. वर्डमधली फाइल गूगल डॉक्समध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये न्यायची असेल तर थेट उघडू नका. दुसऱ्या लेखन-कार्यक्रमात नेण्याचा पर्याय त्याच ‘प्रेफरन्सेस’मध्ये आहे. तो न वापरता ये-जा केली की उद्धरणं साधा मजकूर होऊन बसण्याचा धोका असतो.

प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत लिहा, पण सूची शेवटी सगळं एका फाइलीत आणल्यावर एकदाच घाला. प्रकरणवार सूच्या जोडून एक केली तर तिसऱ्या प्रकरणातला ‘2015ए’ आणि पाचव्यातला ‘2015ए’ हे वेगळे लेख निघतात.

शैली कोणती, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या, आवृत्तीसकट. नुसतं ‘एपीए’ पुरत नाही. 2019 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत प्रकाशकाचं शहर गेलं आणि सूचीत 20 लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची झाली. सहाव्यात ही मर्यादा सात होती. शिकागो म्हणाल तर त्यात लेखक-वर्ष आणि तळटीप अशा दोन निराळ्या पद्धती आहेत. झोटेरोच्या शैलीसंग्रहात दहा हजारांहून जास्त शैली आहेत, तेव्हा तुम्हाला हवी ती बहुधा मिळेलच. आणि मार्गदर्शकांनी शेवटच्या महिन्यात शैली बदलायला सांगितली तरी हरकत नाही, मेनूतून एक नाव निवडायचं असतं. ज्यांनी सूची हातानं टाइप केली आहे त्यांच्यासमोर मात्र हे करून दाखवू नका.

मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकाच प्रबंधात असतील तर थोडी हातमेहनत आहेच. वर्णानुक्रमात देवनागरी नोंदी रोमन नोंदींच्या खाली जातात, आणि ‘आणि इतर’ हवं तिथे इंग्रजीतलं ‘एट अल.’ उमटतं, कारण भाषा अख्ख्या दस्तऐवजाला एकच लागते. दोन भाषांच्या दोन सूच्या हव्या असतील तर तेही आयतं मिळत नाही. हे सगळं अगदी शेवटच्या प्रतीत हातानं करायचं. आधी नाही, नाहीतर पुढचं रिफ्रेश सगळं पुसून टाकेल.

सांभाळणं

खातं उघडून सिंक चालू केलंत की नोंदी कितीही असोत, मोफत साठवल्या जातात; पीडीएफसाठी मोफत जागा 300 एमबी आहे आणि ती लवकर भरते. भरली तरी नोंदींचं सिंक चालूच राहतं, त्यामुळे घाबरून पैसे भरू नका. माझ्या ओळखीच्या एकानं शहाणपणा म्हणून झोटेरोचं अख्खं डेटा फोल्डर क्लाउडवर आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं. आत एक डेटाबेस फाइल असते, दोन संगणकांवरून तिला हात लागला आणि ती बिघडली. ते फोल्डर आहे तिथेच राहू द्या. महिन्यातून एकदा झोटेरो बंद करून त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं.

अधूनमधून एखाद्या नोंदीवर लाल पट्टी दिसेल, लेख मागे घेतल्याची. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीशी झोटेरो 2019 पासून आपल्या नोंदी ताडून बघतं. ती पट्टी दिसली तर तो लेख तुमच्या युक्तिवादात कुठे टेकू देतोय ते त्याच दिवशी बघा.

सादर करण्याआधी फाइलीची प्रत करा आणि त्या प्रतीतच ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा. उद्धरणांचा झोटेरोशी संबंध तुटतो, परत जोडता येत नाही. मघाशी म्हटलेली हातमेहनत याच प्रतीत. मग सूची कागदावर छापा आणि पट्टी धरून एकेक ओळ वाचा. पडद्यावर डोळा घसरतो. मी मूळ फाइलीला ‘जिवंत’ आणि प्रतीला ‘छपाई’ असं नाव दिलं होतं, त्यामुळे तोंडी परीक्षेनंतरच्या दुरुस्त्या आल्या तेव्हा कोणती उघडायची हा प्रश्न पडला नाही. जिवंत फाइल उघडली, झोटेरोत ते बारीकसं बटण दाबलं, रिफ्रेश केलं. मजकुरात सहा ठिकाणी ‘(ऑर्गनायझेशन, 2016)’ होतं, ते सहाही ठिकाणी सुधारलं, आणि सूचीतली नोंद ‘ओ’खालून उठून ‘डब्ल्यू’खाली जाऊन बसली. सहा ठिकाणी! मार्गदर्शकांनी दोनदा वाचला होता प्रबंध, आणि मी निदान दहादा.